इंग्लंडच्या किनारी गावात परदेशी पदवीचा दंतवैद्य रुजू होतो तेव्हा: पर्यवेक्षकासाठी मार्गदर्शक

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागातला, बंद पडलेला एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, दातांचा दवाखाना पुन्हा उघडला. नाव नोंदवायला शेकडो लोक रस्त्यावर उभे राहिले, रांग आवरायला पोलीस आले. नागपूरच्या मैत्रिणींनी तो व्हिडिओ पाठवून मला विचारलं, ‘हे खरंच इंग्लंड आहे का गं?’ मी लिंकनशरच्या किनारपट्टीवर काम करते. स्केगनेस, मेबलथॉर्प, बॉस्टन हा आमचा पट्टा. समुद्राकाठी राहायला आलेले निवृत्त लोक, हंगामी मजुरी करणारी कुटुंबं, कोबी-फुलकोबीच्या शेतांवर राबणारे पोलिश, लिथुएनियन, रोमेनियन कामगार. इथे नव्या रुग्णाला ‘दाताच्या डॉक्टरकडे शेवटचं कधी गेला होतात?’ असं विचारल्यावर ‘कोविडच्या आधी’ हे उत्तर आलं, तर मला हायसं वाटतं.

अशा ठिकाणच्या जागा भरायला येणाऱ्यांत परदेशात शिकलेले दंतवैद्य पुष्कळ, आणि त्यांत आपल्याकडचे बीडीएस, एमडीएसही बरेच. ओआरई ही परदेशी पदवीधरांसाठीची परीक्षा किंवा रॉयल कॉलेजची एलडीएस ही तशीच परीक्षा उत्तीर्ण होऊन जनरल डेंटल कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नोंदणी संस्थेचा, नंबर मिळाला म्हणजे डॉक्टर कायद्याने दंतवैद्य झाला. पण एनएचएसचं काम करायचं तर परफॉर्मर्स लिस्ट या एनएचएसच्या डॉक्टरांच्या यादीवर नाव लागतं. ज्याने या देशात फाउंडेशन ट्रेनिंग (पदवीनंतरचं प्रशिक्षण) केलेलं नाही, त्याला त्यासाठी सहसा पीएलव्हीई या वाटेने जावं लागतं. म्हणजे एका पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली काम करायचं, कामाचा पोर्टफोलिओ जमवायचा आणि शेवटी ‘हा डॉक्टर स्वतंत्रपणे काम करू शकतो’ अशी पर्यवेक्षकाची सही मिळवायची. हा लेख ती सही करणाऱ्या माणसासाठी आहे. नव्याने येणाऱ्यांनीही वाचावा, म्हणजे काय मागायचा आपला हक्क आहे ते त्यांना कळेल.

बाकी सगळं ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती आधी सांगते. आमच्यासारख्या भागात सर्वांत अवघड तोंडं सर्वांत नव्या हातांत येतात. जुन्या डॉक्टरांच्या याद्या भरलेल्या असतात, त्यांचे रुग्ण वर्षानुवर्षं सांभाळलेले असतात. नव्या डॉक्टरची यादी रिकामी, म्हणून दहा-दहा वर्षं कुठेच न गेलेले लोक नेमके त्याच्याकडे पाठवले जातात. चौदा किडलेले दात, हलणाऱ्या दाढा, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आणि वर दातांच्या डॉक्टरची भीती. पर्यवेक्षणाचं निम्मं काम हा उतार उलटा फिरवण्याचं आहे. हात शिकवण्याची गरज तुम्हाला वाटते त्याहून कमी पडते.

हो म्हणण्याआधी

स्वतःला तीन प्रश्न विचारा. तो डॉक्टर काम करत असेल तेव्हा मी त्याच इमारतीत असेन का? माझ्या दिवसात त्याच्यासाठी रिकामी वेळ ठेवायला दवाखान्याचा मालक तयार आहे का? आणि काम नीट झालं नाही तर सही नाकारायची मोकळीक मला आहे का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बऱ्याच लहान दवाखान्यांत मालक, व्हिसाचा प्रायोजक आणि पर्यवेक्षक ही एकच व्यक्ती असते. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या माणसाची नोकरी गेली तर नवा प्रायोजक शोधायला त्याला साधारण ६० दिवस मिळतात. बायको इथे, मूल शाळेत, घराचं भाडं चालू. ज्याच्या हातात हे सगळं आहे, त्याच्यासमोर ‘माझ्याकडून चूक झाली’ असं कोण म्हणेल? शक्य असेल तिथे पर्यवेक्षक मालकाहून वेगळा असावा. ते जमत नसेल, तर दवाखान्याबाहेरचा एक अनुभवी दंतवैद्य ठरवा आणि त्याचा फोन नंबर नव्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी द्या. तुम्हाला न विचारता त्याला फोन करता येईल, हे सर्वांदेखत सांगा.

पीएलव्हीईच्या काळात हातात काय पडणार तेही लेखी ठरवून घ्या. देखरेखीच्या नावाखाली नव्या डॉक्टरला अगदी कमी दरात राबवून घेणारे दवाखाने मी पाहिले आहेत. तसं असेल तर तुमची सही त्या व्यवहाराला वापरू देऊ नका.

पहिली बैठक: शेवटचा दात कधी कोरला होता?

बायोडेटा वाचून अंदाज बांधू नका. समोर बसवा, चहा द्या, आणि ओआरईच्या आधीची-नंतरची वर्षं कशी गेली ते विचारा. या परीक्षेच्या जागा थोड्या, इच्छुक खूप. २०२० नंतर कोविडमुळे ती बराच काळ घेतलीच गेली नाही. त्या काळात अनेकांनी डेंटल नर्स म्हणून, केअर होममध्ये, गोदामात काम केलं. म्हणजे समोरचा माणूस पुण्यात किंवा संभाजीनगरात रोज पंधरा रुग्ण पाहणारा दंतवैद्य होता खरा, पण मधली काही वर्षं त्याने फक्त प्लॅस्टिकचे दात कोरले असतील. याची लाज त्याला वाटत असते. ती काढून टाकणं हे तुमचं पहिलं काम. ‘हात गंजतो, परत चालू लागतो’ हे मी स्पष्ट शब्दांत सांगते, कारण ते खरं आहे.

मग एक साधा तक्ता भरून घ्या. गेल्या पाच वर्षांत, जिवंत माणसावर: दाढांचे रूट कॅनॉल किती, हाडातून काढाव्या लागलेल्या मुळ्या किती, कवळ्या किती, सहा वर्षांखालची मुलं किती, रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) किती वेळा लावला. प्रत्येकापुढे ‘एकट्याने करेन’, ‘कोणी शेजारी हवं’, ‘आधी बघेन’ यांपैकी एक खूण. माझा अनुभव असा की आपल्या सरकारी महाविद्यालयांतून आलेल्यांचा दात काढण्यात हात उत्तम बसलेला असतो. इंटर्नशिपच्या ओपीडीत आणि शिबिरांत त्यांनी इथल्या नवख्यांपेक्षा कितीतरी जास्त दात काढलेले असतात. कमी पडते ती लहान मुलांची सवय, नर्सबरोबर चार हातांनी काम करण्याची सवय, आणि रुग्णाशी सविस्तर बोलण्याची सवय. तुमच्याकडे येणारा डॉक्टर याच्या नेमका उलट असू शकतो, म्हणून तक्ता.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. कौन्सिलचा नंबर, व्यावसायिक विमा, हेपटायटिस बीची प्रतिकारशक्ती, डीबीएस (गुन्हेगारी पार्श्वभूमीची) तपासणी, प्राथमिक जीवरक्षणाचं प्रशिक्षण हे सगळं पहिल्या रुग्णाआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. विमा मागून काढू, असं कोणी म्हणालं तर पहिला रुग्णही मागूनच.

पहिले दोन आठवडे: नर्सच्या हाताखाली

सुरुवातीचे तीन दिवस नव्या डॉक्टरला रुग्ण देऊ नका. एक दिवस रिसेप्शनवर, एक दिवस निर्जंतुकीकरणाच्या खोलीत, एक दिवस माझ्या खुर्चीशेजारी. आपल्याकडून आलेल्या काही जणांना रिसेप्शनवर बसणं कमीपणाचं वाटतं. पण फोनवर रडणाऱ्या माणसाला ‘नव्या रुग्णांची नोंदणी बंद आहे’ असं सांगावं लागताना ऐकलं, की हा भाग काय आहे ते एका सकाळीत समजतं.

इथली डेंटल नर्स स्वतः कौन्सिलकडे नोंदलेली व्यावसायिक असते. दवाखान्यातली सर्वांत अनुभवी नर्स पहिल्या महिन्यात नव्या डॉक्टरबरोबर द्या, सर्वांत नवी देऊ नका. आणि दोघांना समोरासमोर बसवून सांगा, की ‘डॉक्टर, थांबा’ असं म्हणायचा अधिकार नर्सला आहे. आपल्याकडे दवाखान्यातली ताई डॉक्टरला थांबवत नाही. ही सवय मोडायला वेळ लागतो, पण मोडली नाही तर नर्सला दिसलेली चूक डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही.

दातांची नावं हा दुसरा धोका. आपण कॉलेजात वरच्या उजव्या पहिल्या दाढेला ‘वन-सिक्स’ म्हणतो. इथे तीच ‘अप्पर राइट सिक्स’. घाईत नवा डॉक्टर ‘सिक्सटीन’ म्हणून जातो आणि नर्स गोंधळते. खालच्या डाव्या बाजूला आपला ३६ आणि इथला ‘लोअर लेफ्ट सिक्स’ यांची मनात सांगड बसायला काही आठवडे लागतात. तोवर दात काढण्याआधी आमच्याकडे ठरलेला क्रम असा आहे: डॉक्टर दाताचं पूर्ण नाव मोठ्याने उच्चारतो, एक्सरे पडद्यावर उघडा असतो, रुग्ण स्वतःच्या बोटाने दात दाखवतो, नर्स नाव परत म्हणते, मगच चिमटा हातात. भूल देण्याआधी एकदा आणि चिमटा लावण्याआधी पुन्हा एकदा. अक्कलदाढ आधीच काढलेली असेल किंवा सहावी दाढ जाऊन सातवी पुढे सरकली असेल, तर मोजणी चुकते. अशा तोंडात मला बोलावल्याशिवाय चिमटा लावायचा नाही.

रुग्णांची यादी तुमच्या ताब्यात ठेवा

आता मूळ प्रश्नाकडे. रिसेप्शनला लेखी नियम द्या. पहिले सहा आठवडे तपासणीला अर्धा तास, फिलिंग किंवा दात काढायला एक तास. ‘ताबडतोब’ या सदरातला दुखणारा रुग्ण दर सत्रात जास्तीत जास्त एक, तोही मी इमारतीत असताना. नव्याने नोंदणी झालेल्या रुग्णाची पहिली तपासणी अनुभवी डॉक्टरने करायची, उपचाराचा आराखडा करायचा, आणि त्यातलं झेपेल तेवढं काम नव्या डॉक्टरकडे द्यायचं. महिन्या-महिन्याने तो आराखडाही त्याच्याकडून करून घ्यायचा.

माझ्या स्वतःच्या यादीत सकाळी ११ वाजता आणि दुपारी ३ वाजता पंधरा-पंधरा मिनिटं रिकामी असतात. नव्या डॉक्टरला माहीत असतं की तेव्हा माझं दार उघडं आहे. रोज दोन अपॉइंटमेंट बुडतात, मालकाची कुरकुर असते. पण मधल्या वेळेत दार ठोठावायला माणूस कचरतो आणि चूक त्या कचरण्यातच होते. एका वर्षी माझ्याकडच्या मुलीकडून रूट कॅनॉल करताना फाइल (नस साफ करायची बारीक सुई) दाताच्या मुळाच्या आत तुटली. असं कुणाच्याही हातून होतं. रुग्णाला सांगायचं, नोंद करायची, पुढचं ठरवायचं, संपलं. पण त्या दिवशी मी माझ्या दोन्ही रिकाम्या वेळा दुसऱ्या रुग्णांना देऊन टाकल्या होत्या. तिने संध्याकाळी साडेपाचला, सगळे गेल्यावर, मला सांगितलं. रुग्ण सकाळीच घरी गेला होता. त्याला फोन मी केला, पण दोष तिच्यापेक्षा माझा जास्त होता. त्यानंतर त्या दोन वेळा मी कुणालाही दिलेल्या नाहीत.

यादीइतकाच महत्त्वाचा युडीएचा हिशोब. २००६ च्या करारापासून एनएचएसचं दातांचं काम युडीए, म्हणजे ‘युनिट ऑफ डेंटल ॲक्टिव्हिटी’, या एककात मोजतात आणि उपचारांचे गट, म्हणजे बँड, पाडलेले असतात. तपासणीच्या बँडला १, फिलिंग-रूट कॅनॉल-दात काढण्याच्या बँडला ३, कॅप-कवळीच्या बँडला १२. वर्षानुवर्षं एक फिलिंग केलं तरी ३ आणि आठ केली तरी ३. नोव्हेंबर २०२२ मध्ये यात थोडा बदल झाला: तीन किंवा जास्त दातांना फिलिंग वा काढण्याची गरज असेल तर ५, दाढेच्या रूट कॅनॉलला ७. तरीही चौदा किडलेले दात असलेला माणूस दवाखान्याला तोट्याचाच. पहिल्याच आठवड्यात हे आकडे वही काढून समजावा. न समजावता वार्षिक लक्ष्य हातात ठेवलं तर दोन गोष्टी घडतात. डॉक्टर जिवापाड घाई करतो, किंवा दवाखान्यात कोणाकडून तरी ‘युक्त्या’ शिकतो: एकच उपचार दोन भागांत दाखवणं, गरज नसता लवकर बोलावणं. प्रत्येक दावा त्याच्या स्वतःच्या नंबरवर जातो आणि चौकशी त्याच्याच दारात येते, हे त्याला ठाऊक नसतं. सरसकट सहा महिन्यांनी बोलवायची जुनी सवयही सोडायला लावा. नाइस या उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या संस्थेनुसार प्रौढांसाठी धोक्याप्रमाणे ३ ते २४ महिने आणि १८ वर्षांखाली ३ ते १२ महिने असा काळ असतो. निरोगी तोंडाच्या माणसाला दोन वर्षांनी बोलावलं तर रांगेतल्या एकाला जागा मिळते. आमच्या भागात हा निर्णय रोजच्या उपचाराइतकाच मोलाचा आहे.

पहिल्या तीन महिन्यांत लक्ष्य नसावं किंवा नाममात्र असावं. मालक मान्य करत नसेल तर पर्यवेक्षण स्वीकारू नका.

शेजारी बसून पाहणं

पहिलं फिलिंग, पहिली दाढ काढणं, पहिला रूट कॅनॉल, पहिलं लहान मूल, पहिली कवळी. या पाच वेळा मी खोलीत असते. भिंतीशी, हात मागे बांधून. चिमटा ओढून घ्यायचा मोह होतो, तो आवरा. रुग्णासमोर एकदा तुम्ही हत्यार काढून घेतलंत की त्या डॉक्टरकडे तो रुग्ण परत येत नाही. त्यापेक्षा एक खुणेचं वाक्य आधीच ठरवा. आमचं वाक्य आहे, ‘मी जरा दुसऱ्या बाजूने बघू का?’ हे इंग्रजीत म्हटलं की डॉक्टर थांबतो, मला जागा देतो आणि रुग्णाला काही खटकत नाही.

पोर्टफोलिओसाठी डॉप्स (प्रत्यक्ष काम पाहून केलेलं मूल्यमापन) आणि केसवरची चर्चा लागतात. त्या शेवटच्या महिन्यात एकदम भरायच्या नसतात. काम पाहिलं त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी बोला. आधी त्याला विचारा काय नीट झालं, मग तुम्ही एकच सुधारणा सांगा. एकाच वेळी पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

एक्सरेबाबत वेगळं बसा. २०१७ च्या आयआरएमईआर या किरणोत्सर्गाविषयीच्या नियमांखाली प्रत्येक एक्सरेचं कारण, दर्जा आणि त्यात काय दिसलं हे तीनही लिहावं लागतं. डिजिटल एक्सरेंपैकी किमान ९५ टक्के ‘स्वीकारार्ह’ निघावेत ही अपेक्षा असते. नव्या डॉक्टरचे पहिले पन्नास एक्सरे त्याच्याकडूनच तपासून घ्या. तो कुठे कोन चुकवतो ते त्याला स्वतःलाच दिसतं, आणि पोर्टफोलिओला हवा तो ऑडिटही त्यातून होतो.

केसपेपर वाचा, दर आठवड्याला दहा

माझं मत असं की हाताच्या चुकीपेक्षा नोंदीच्या उणिवेने जास्त माणसं अडचणीत येतात. आपल्या ओपीडीतल्या केसपेपरवर ‘३६ खोल कीड, ॲड. आरसीटी’ (रूट कॅनॉलचा सल्ला) एवढं पुरायचं, कारण मागे दोनशे लोक उभे असायचे. इथे त्याच दातासाठी लिहावं लागतं: रुग्ण कोणत्या तक्रारीने आला, औषधं कोणती चालू, हिरड्यांची बीपीई (प्राथमिक तपासणी) काय, कोणते पर्याय सांगितले (काहीच न करणं हाही एक पर्याय), प्रत्येकाचे फायदे-धोके-खर्च, रुग्णाने काय विचारलं, काय निवडलं आणि का. रुग्णाच्या संमतीविषयीच्या २०१५ च्या माँटगोमेरी या न्यायालयीन निकालानंतर ‘बहुतेक डॉक्टर इतकंच सांगतात’ हे उत्तर चालत नाही. या रुग्णाला काय महत्त्वाचं वाटलं असतं, ते सांगायला हवं.

संगणकावर तयार मजकुराचे साचे असतात, आणि नवा डॉक्टर त्यांच्या आहारी जातो. मी एकदा कवळीवाल्या बाईंच्या नोंदीत ‘सर्व दातांना फ्लॉस शिकवला’ असं वाचलं. म्हणून पहिले दोन महिने साचे बंद ठेवा. हाताने लिहायला वेळ लागतो, त्यासाठीच अर्ध्या तासाच्या अपॉइंटमेंट आहेत.

दहा केसपेपर वाचताना सगळं तपासू नका. एका आठवड्यात फक्त संमती, दुसऱ्यात फक्त औषधांचा इतिहास, तिसऱ्यात हिरड्या.

अँटिबायोटिक

याला वेगळा मथळा देते, कारण आपल्याकडून आलेल्यांचं सर्वांत जुनं वळण हेच आहे. दाढ दुखते, अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल, पाच दिवस, मग या. भारतात रुग्ण लांबून येतो, परत येईल याची खात्री नसते, म्हणून ती सवय लागते. मी स्वतः तशीच शिकले. इथला नियम सरळ आहे: दुखण्याचं मूळ दातात आहे तर उपचार दातावर. नस काढा, पू वाहू द्या, दात काढा. ताप, पसरणारी सूज, गिळायला त्रास, तोंड न उघडणं यांपैकी काही असेल तरच गोळ्या, त्याही उपचाराच्या जोडीला.

नियम पाठ असूनही अंमल अवघड जातो. चार वाजलेत, चिठ्ठी न घेता रुग्ण उठायला तयार नाही, भूल नीट चढत नाहीये. म्हणून ‘नाही’ म्हणण्याची तालीम करून घ्या. मी रुग्ण होते, आवाज चढवते, आणि नव्या डॉक्टरला ते वाक्य स्वतःच्या शब्दांत सापडेपर्यंत तेच पुन्हा करते. दर महिन्याला त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचा.

याची दुसरी बाजूही शिकवा. जिभेखाली सूज, लाळ गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर तो रुग्ण आपला नाही. आमच्यासारख्या गावातून मोठं रुग्णालय लांब असतं. कोणाला फोन करायचा, ॲम्ब्युलन्स कधी मागवायची, हे कागदावर लिहून प्रत्येक खोलीत चिकटवलेलं असावं. दुखत नसलेली, आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ मात्र तशीच राहू द्यायची. नाइसने २००० सालीच तसं सांगितलं आहे आणि आपल्या सवयीशी तेही जुळत नाही.

कान तयार करणं

भाषेची परीक्षा बहुतेकांनी दिलेली असते. बोलताही येतं. अडतं ते ऐकण्यात. लिंकनशरचा म्हातारा खुर्चीत बसून ‘इट्स गिव्हिंग मी जिप’ म्हणतो, म्हणजे दाढ ठणकतेय. ‘शीज बिन मार्डी’ म्हणजे पोर किरकिर करतंय. सर्वांत फसवा शब्द ‘व्हाइल’. उत्तर इंग्लंडच्या आणि आमच्या बोलीत काही लोक तो ‘पर्यंत’ या अर्थी वापरतात. नऊ व्हाइल पाच म्हणजे नऊ ते पाच. अशा माणसाला ‘तोंड बधिर आहे तोवर खाऊ नका’ हे ‘व्हाइल’ घालून सांगितलं तर तो उलटं समजू शकतो. नर्सला असे शब्द वहीत लिहून ठेवायला सांगा. आमच्या वहीत आता चार पानं भरली आहेत.

‘नॉट टू बॅड’ हे उत्तर बरं आहे असंच सांगत नाही. आठवडाभर झोप न आलेला माणूसही तेच म्हणतो. आणि आपण ‘हा दात काढावाच लागेल’ असं म्हणतो तेव्हा आपल्या मनात काळजी असते, पण इथल्या कानाला तो हुकूम वाटतो. ‘काय काय करता येईल ते सांगतो, मग तुम्ही ठरवा’ अशी सुरुवात करायला शिकवा.

पोलिश किंवा रोमेनियन रुग्णासाठी दुभाष्या मागवा. सोबत आलेल्या नऊ वर्षांच्या लेकीला आईच्या संमतीचं भाषांतर करायला लावू नका. ती शाळेत इंग्रजी शिकली म्हणून ती जबाबदारी तिची होत नाही.

कधीतरी एखादा रुग्ण म्हणेल, ‘मला इंग्रज डॉक्टर द्या.’ तेव्हा नव्या डॉक्टरला एकटं सोडू नका. मी खोलीत जाते आणि सांगते की हेच तुमचे डॉक्टर आहेत, दुसरी अपॉइंटमेंट देता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडच्या अनेक शहरांत दंगली झाल्या, तेव्हा आमच्याकडचा डॉक्टर आठवडाभर बसने घरी जायला घाबरत होता. रोज कोणीतरी त्याला गाडीने सोडलं. पर्यवेक्षणाच्या कुठल्या फॉर्मवर हे येत नाही, पण ते करावं लागतं.

मुलं

तीन वर्षांपासून पुढच्या प्रत्येक मुलाला वर्षातून दोनदा फ्लोराइड वार्निश, ब्रशनंतर चूळ न भरता नुसतं थुंकणं, १५ वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना शक्यतो अमाल्गम (पाऱ्याचं फिलिंग) नाही. हे लवकर अंगवळणी पडतं.

अवघड जातं ते संशयाचं. मूल तीनदा बोलावून आलं नाही, तोंडात गळू आहे, आई लक्ष देत नाही. आपल्या मनात येतं की दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं. इथे नोंद ‘आला नाही’ अशी करत नाहीत, ‘आणला गेला नाही’ अशी करतात. सात वर्षांचं पोर स्वतः बस पकडून येत नसतं. कोणाला कळवायचं ते दाखवा, पहिला फोन त्याच्या शेजारी बसून करा, आणि त्या रात्री त्याला झोप लागणार नाही हे गृहीत धरून दुसऱ्या दिवशी विचारपूस करा.

‘मॅडम’ आणि मराठी

आपलाच मुलगा किंवा मुलगी आली की मला आनंद होतो, तो लपवत नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मराठीत बोलतो. रुग्ण किंवा नर्स समोर असताना कधीच नाही, कारण नर्सला न कळणारी गोष्ट तिला थांबवता येत नाही. पहिल्या दिवसापासून मला नावाने हाक मारायला सांगते. मराठी मुलांना ते फार जड जातं, महिनाभर ‘मॅडम’ सुटत नाही. आग्रह धरा, कारण ‘मॅडम’ला कोणी ‘तुम्ही चुकताय’ म्हणत नाही, आणि मी चुकते तेव्हा ते कोणीतरी मला सांगायला हवं.

या आपलेपणाचा धोकाही आहे. काम नीट होत नसताना मी एकदा दोन महिने गप्प बसले, ‘बिचारा इतक्या लांबून आलाय’ म्हणून. त्याचं काही भलं झालं नाही. आता सहाव्या आठवड्यात एखादी गोष्ट अडलेली दिसली की ती लेखी मांडते: नेमकं काय, किती दिवसांत, कोणाच्या मदतीने. ‘आत्मविश्वास वाढवा’ असलं काही लिहू नका. ‘पुढच्या चार आठवड्यांत खालच्या जबड्याची भूल दहा रुग्णांना, माझ्यासमोर’ असं लिहा. तरीही फरक नसेल तर एनएचएस इंग्लंडच्या डेंटल डीनच्या कार्यालयाला लवकर कळवा. मदतीची सोय त्यांच्याकडे असते, पण शेवटच्या महिन्यात कळवलं तर करण्यासारखं काही उरत नाही.

माणूस गावात टिकायला हवा

२०२४ च्या योजनेत सरकारने दंतवैद्य मिळत नसलेल्या भागांत येणाऱ्या २४० जणांना प्रत्येकी २०,००० पौंड, तीन वर्षांत विभागून द्यायचं जाहीर केलं. पैशाने माणूस येतो. तो राहील की नाही हे घर, गाडी आणि जोडीदाराच्या नोकरीवर ठरतं. भारतीय वाहन परवान्यावर इथे १२ महिनेच गाडी चालवता येते, आणि आमच्याकडे संध्याकाळी सहानंतर बस मिळणं कठीण. पहिल्याच महिन्यात परीक्षेची तारीख घ्यायला लावा. जोडीदाराला गावातली शाळा, डॉक्टर, वाचनालय दाखवायला कोणीतरी सोबत जा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, पण किनाऱ्यावरून ते दिवसभराचा प्रवास. म्हणून गणपती आणि दिवाळीची सुट्टी जानेवारीतच रोटावर (कामाच्या वेळापत्रकावर) लिहून टाका, मागायला लावू नका.

सही करण्याआधी पहिल्या बैठकीतला तक्ता पुन्हा काढा आणि दोघांनी वेगवेगळा भरा. जिथे तुमची आणि त्याची खूण जुळत नाही, तिथला एक रुग्ण एकत्र बघा. रुग्णांचे आणि सहकाऱ्यांचे अभिप्राय त्याच्यासमोर वाचा. मग सही करा. सही झाल्यावर सकाळी ११ ची रिकामी वेळ मात्र आणखी तीन महिने तशीच ठेवा. त्या काळात माझं दार सर्वांत जास्त वाजतं, कारण आता तो एकटा निर्णय घेत असतो.